साखरेत सुटलेला रस आणि थंडगार सोडा

घरी केलेला फळांचा सोडा बहुतेक वेळा पहिल्या घोटालाच निराश करतो. फळ चांगले असते, सोड्याची बाटली नुकतीच फोडलेली असते, तरीही पेल्यात उतरते ते काहीसे पांचट, वर फेसाचा थर असलेले आणि अर्ध्यावर येईपर्यंत साध्या गोड पाण्यासारखे झालेले पेय. याचे कारण सोड्याच्या स्वभावातच आहे. सोडा म्हणजे शेवटी पाणीच. त्यामुळे मिक्सरमधून काढलेला १०० मिलि रस आणि तेवढाच सोडा एकत्र केला, तर रसाची चव निम्मी होते आणि वायू निम्म्याहूनही कमी उरतो. फळाचा अंश थोडक्यात, गाळीव, गर्द आणि आंबटगोड अशा रूपात हाताशी असेल, तरच पेल्यातील सहा भागांपैकी पाच भाग सोडा ठेवता येतो आणि चवही टिकते. असा अंश पाण्याचा थेंब न घालता आणि चूल न पेटवता काढण्याची रीत कोकणातल्या घरांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. तिचे नाव अमृत कोकम, आणि माझ्या अनुभवाने सोड्यासाठी जवळपास प्रत्येक फळाला थोड्याफार फरकाने हीच रीत लागू पडते.

म्हणून आधी कोकमच नीट करून पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकून गडद लाल झाले की ते धुऊन, पुसून, पंख्याखाली पसरून अगदी कोरडे करावेत, मग आडवे चिरून आतल्या बिया गरासकट काढून घ्याव्यात. हा बियांचा गर मिठात घालून आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, करता येते, तेव्हा तो टाकू नये. हातात उरतात त्या लहान वाट्यांसारख्या साली. १ किलो सालींना सुमारे २ किलो साखर घ्यावी, प्रत्येक वाटीत ती दाबून भरावी आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थरावर थर रचत जाऊन उरलेली साखर वरून पसरावी. तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियम या आंबटपणाला चालत नाही. बरणीला स्वच्छ कापडाचा दादरा बांधून ती आठ ते दहा दिवस रोज उन्हात ठेवावी आणि संध्याकाळी आत घेऊन कोरड्या लाकडी चमच्याने हलवावी. पहिल्या संध्याकाळी तळाशी जेमतेम बोटभर गुलाबी ओल दिसते आणि आपले काही चुकले की काय अशी शंका येते; तिसऱ्या दिवशी साखरेचे ओले ढेकूळ लाल रसात बुडू लागते; आठवडा उलटला की साली आक्रसून सुरकुततात आणि रस बरणीच्या काचेतून माणकासारखा दिसतो. साखर पूर्ण विरघळली की तो पातळ कापडातून आपोआप गळू द्यावा. कापड पिळण्याचा मोह येतो, पण पिळले की गराचे बारीक कण उतरतात आणि पुढे सोड्यात त्यांचाच उपद्रव होतो.

सरबतासाठी या रसात जिऱ्याची पूड आणि मीठ घालतात. सोड्यासाठी मीठ याच वेळी घालून पूर्ण विरघळवावे, पण पूड मात्र घालू नये. चमचाभर भाजलेले अख्खे जिरे फडक्यात बांधून ती पुरचुंडी एक दिवस रसात ठेवावी आणि काढून घ्यावी. स्वाद उतरतो, कण उतरत नाहीत.

या रीतीमागचे तत्त्व लोणच्याच्या मिठासारखेच आहे. फळाच्या पेशींबाहेर साखरेचे प्रमाण एवढे वाढते की आतले पाणी चव, रंग आणि आंबटपणा घेऊन बाहेर ओढले जाते. उष्णता नसल्यामुळे फळाचा ताजा वास उडून जात नाही आणि बाहेरचे पाणी न घातल्यामुळे रस गर्द राहतो. साखर एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर असा रस कोरड्या बाटलीत बराच काळ टिकतो. साखर त्याहून कमी घातली असेल तर त्याला फ्रीजमध्येच जागा द्यावी आणि आठवड्या-दहा दिवसांत तो संपवावा.

कोकमानंतर माझे आवडते फळ कैरी. पन्हे करताना कैरी उकडून तिचा गर घेतात. तो गर सोड्यात घातला की गढूळ फेस होतो. त्याऐवजी अर्धा किलो कैरी सोलून जाड किसावी, तिच्यात तेवढ्याच वजनाची साखर आणि पाव चमचा मीठ कालवून भांडे झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी कीस रसात पोहत असतो. गाळून निघणारे सिरप फिकट हिरवट, जवळजवळ पारदर्शक आणि चांगलेच आंबट असते. त्यात वस्त्रगाळ केलेला आल्याचा रस चमचाभर घातला तर सोड्याचा तिखटपणा आणि आल्याचा तिखटपणा यांची जोडी फार सुरेख जमते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च या काळात मुबलक असते. अर्धा किलो फळे चार चार फोडी करून ४०० ग्रॅम साखरेत रात्रभर ठेवली की पुरते. मात्र स्ट्रॉबेरीत आंबटपणा बेताचाच असल्यामुळे गाळून झाल्यावर दोन कागदी लिंबांचा रस घालावा, नाहीतर सोडा नुसता गोड लागतो.

नागपुरी संत्र्याची गोष्ट जरा निराळी आहे. त्याचा रस पातळ असतो आणि तापवला किंवा नुसता ठेवला तरी कडवट होत जातो, म्हणून इथे खरा माल सालीत शोधावा. चार संत्री धुऊन त्यांचा फक्त केशरी थर बारीक किसणीवर अलगद उतरवावा, आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, आणि तो १५० ग्रॅम साखरेत बोटांनी चांगला चोळावा. तीन-चार तासांत सालीतले सुगंधी तेल साखरेत मुरते आणि साखर ओलसर वाळूसारखी होते. मग त्याच संत्र्यांचा २०० मिलि ताजा रस आणि दोन लिंबांचा रस घालून साखर विरघळवावी, वस्त्रगाळ करावे आणि हे सिरप दोन दिवसांच्या आत वापरावे.

जांभळे आणि करवंदे यांची साल चिवट असल्याने ती साखरेला लवकर दाद देत नाहीत. जांभळांच्या बिया काढून आणि करवंदे पाट्यावर किंवा खलबत्त्यात नुसती फुटतील इतकीच ठेचून साखरेत घालावीत. तरीही रस सुटायला उशीर लागला तर मंद आचेवर पाच मिनिटे गरम करायला हरकत नाही. जांभळाच्या तुरटपणाला काळे मीठ लागते. कलिंगडासारख्या पाणीदार फळांचे सिरप करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांचा गाळलेला रस बर्फाच्या साच्यात गोठवून ते खडे लिंबू-सोड्यात टाकावेत, म्हणजे बर्फ वितळला तरी पेय फिके होत नाही. आणि हापूसचा सोडा करू नये. मी तीन वेगवेगळ्या प्रकारांनी करून पाहिला आहे. आमरस वाटीतच शोभतो.

आता सोड्याकडे वळू. कार्बन डायऑक्साइड हा वायू पाण्यात किती राहील हे तपमानावर अवलंबून असते. साध्या हवेच्या दाबाखाली १ लिटर पाणी ० अंश सेल्सिअसला सुमारे ३.३ ग्रॅम वायू धरून ठेवते, २० अंशांना १.७ ग्रॅम आणि ३० अंशांना जेमतेम १.३ ग्रॅम. बाटलीत दाबाने याच्या कितीतरी पट वायू कोंडलेला असतो आणि झाकण उघडताच तो बाहेर पडायला निघतो. पाणी गार असेल तर तो रेंगाळत निघतो, कोमट असेल तर एकदम उसळतो. म्हणून मे महिन्यात ओट्यावर उभी असलेली बाटली उघडून तिच्यात बर्फ टाकणे ही चुकीची सुरुवात आहे. सोडा किमान सहा तास फ्रीजमध्ये असावा, सिरपही गार असावे आणि जमल्यास पेलेसुद्धा.

ओतण्याचा क्रम तितकाच महत्त्वाचा आहे. खरखरीत पृष्ठभाग, कापडाची लव, मिठाचा कण, फळाचा तंतू, बर्फावरचा भुसभुशीत थर या सर्वांवर बुडबुडे जन्माला येतात आणि वायू घेऊन निघून जातात. त्यामुळे पेला फडक्याने पुसण्याऐवजी पाण्याने विसळून उपडा निथळावा. बर्फाचे खडे मोठे घ्यावेत आणि वापरण्यापूर्वी गार पाण्याखाली क्षणभर धरून गुळगुळीत करावेत. तळाशी ४० मिलि सिरप, त्यावर बर्फ आणि मग पेला तिरपा धरून कडेने २०० मिलि सोडा, हा क्रम पाळावा. लांब चमचा तळाशी नेऊन सिरप एकदाच वर उचलावे. ढवळत बसू नये. सिरपमध्ये साखर निम्म्या वजनाची असेल तर या मापाने पेयात सुमारे १० टक्के साखर येते, म्हणजे बाजारातल्या शीतपेयांच्या आसपास. अमृत कोकमात साखर अधिक असल्याने त्याचे २५ ते ३० मिलि पुरतात. सरबताप्रमाणे भरल्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकण्याची सवय मात्र इथे सोडावी लागते. मीठ पडताच पेला उतू जातो आणि उरतो तो खारट, शांत द्रव. भिजवलेला सब्जा हवाच असेल तर तो अगदी शेवटी, वाढताना घालावा.

सोडा विकत घ्यायचा असेल तर लहान बाटल्या घ्याव्यात. जुन्या गोटी सोड्याच्या बाटलीत हे शहाणपण आपोआप होते. हिरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या त्या बाटलीत गोटीला रबराच्या कड्यावर दाबून धरतो तो आतलाच वायू, आणि एकदा गोटी आत ढकलली की ती बाटली पुन्हा बंद करण्याचा प्रश्नच नसतो. एका बैठकीत ती संपवावी लागते. मोठी बाटली अर्धी उरली की वरच्या रिकाम्या जागेत वायू निसटत राहतो. ती दाबून, हवा काढून झाकण लावल्याने फायदा होतो हा समज उलटा आहे, कारण दबलेली बाटली पुन्हा फुगण्यासाठी पाण्यातलाच वायू घेते. बाटलीवरचे घटकही वाचावेत. काही सोड्यांत खाण्याचा सोडा किंवा तत्सम क्षार असतात, आणि त्यांमुळे कोकम-लिंबाचा आंबटपणा बोथट होतो. नुसते पाणी आणि वायू असलेला सोडा उत्तम.

ज्या घरात आठवड्यातून तीन-चार वेळा सोडा लागतो, तिथे सिलिंडरचे घरगुती यंत्र परवडते. त्यात फक्त गार साधे पाणी भरावे. रस किंवा सिरप घालून वायू सोडला तर फेस थेट यंत्राच्या नळीत शिरतो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीही रंगतात. सायफनची, म्हणजे खटका दाबून सोडा काढण्याची, बाटली वापरणाऱ्यांनी १ लिटर पाण्याला ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची एक नळकांडी लावावी आणि क्रीम फेटण्याची नळकांडी चुकून घेऊ नये. ती दिसायला तशीच असते, पण तिच्यात नायट्रस ऑक्साइड असतो आणि सोड्याची झणझणीत चव त्याने येत नाही. लिंबाच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकण्याची जुनी घरगुती युक्ती मुलांना मौज म्हणून दाखवायला ठीक आहे. पण १ लिटर पाण्यात ४ ग्रॅम वायू उत्पन्न करायला साडेसात ग्रॅमहून अधिक खाण्याचा सोडा लागतो, आणि त्यातून सुमारे २ ग्रॅम सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा एवढीच आहे. शिवाय चव साबणासारखी लागते, ते वेगळेच.

वायू विकत न घेता तो घरीच निर्माण करायचा असेल तर आल्याचे विरजण लावता येते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत उकळून गार केलेले दोन कप पाणी घ्यावे, त्यात सालासकट किसलेले आले दोन चमचे आणि साखर दोन चमचे घालून कापड बांधावे आणि रोज एकेक चमचा आले-साखर घालून ढवळावे. आल्याच्या सालीवरचे यीस्ट साखर खाऊ लागते आणि आपल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि ताकासारखा आंबूस वास येतो. बुरशी दिसली किंवा वास कुजकट आला तर सगळे फेकून द्यावे. तयार विरजणाचे पाणी गाळून ६० मिलि घ्यावे, ते १ लिटर गाळलेल्या गोडसर रसात मिसळावे आणि स्वच्छ प्लॅस्टिकच्या शीतपेयाच्या बाटलीत चार बोटे जागा सोडून झाकण घट्ट लावावे. अननस आणि डाळिंब यांचे रस याला विशेष चांगले. बाटली दर काही तासांनी दाबून पाहावी. १२ ते ३६ तासांत ती दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये टाकावी, दुसऱ्या दिवशी हळूहळू झाकण सैल करत उघडावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

बाटली प्लॅस्टिकचीच का, याचे उत्तर मी स्वतःच्या स्वयंपाकघरात मिळवले आहे. एका मे महिन्यात पितळी कडीच्या देखण्या काचेच्या बाटलीत अननसाचा रस विरजणासह भरून ती ओट्यावर ठेवली आणि दोन दिवसांसाठी गावाला गेलो. परतलो तेव्हा बाटलीची मान एका कोपऱ्यात, तळ दुसऱ्या कोपऱ्यात आणि फ्रीजखालून दारापर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग होती. घरात कोणी नव्हते म्हणून निभावले. पुढे हिशेब मांडला तेव्हा चूक कळली. १ लिटर द्रवात ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे २ ग्रॅम वायू तयार होतो. बाजारच्या सोड्याइतका जोर, म्हणजे ६ ते ८ ग्रॅम वायू, मिळायला १२ ते १६ ग्रॅम साखर पुरते. माझ्या रसात ती सहज ८० ग्रॅम होती आणि खोली ३५ अंशांवर. प्लॅस्टिकची बाटली फुगून, कडक होऊन आधी इशारा देते. काच देत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, एवढ्या आंबण्यातून पेयात पाऊण ते एक टक्का मद्यार्कही तयार होतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि धर्माने, औषधांमुळे किंवा स्वतःच्या निश्चयाने मद्य पूर्ण वर्ज्य केलेली माणसे यांच्यासाठी यंत्राचा किंवा विकतचा सोडाच वापरावा. उलट, आंबवणे लांबवून घरीच मद्य तयार करण्याचा विचारही करू नये. परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि घरगुती ऊर्ध्वपातन जिवावर बेतू शकते.

मद्यासह पेय करायचे असेल तर ते विकत आणलेल्या, लेबल असलेल्या बाटलीतूनच करावे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो, वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे व कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेचे जे सौम्य हुर्राक काढतात, ते मार्च ते मेपर्यंतच मिळते आणि त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो. पुन्हा ऊर्ध्वपातन केलेली फेणी ४२ टक्क्यांच्या घरात जाते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक तिथे लिंबाच्या शीतपेयात, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि मीठ घालून पितात. त्यात फक्त एवढा बदल करावा की शीतपेयाऐवजी ३० मिलि कैरीचे सिरप आणि सोडा घ्यावा आणि मीठ पेल्यात न टाकता पेल्याच्या ओल्या कडेला लावावे. ६० मिलि हुर्राकला १५० मिलि सोडा पुरतो. फेणीचा वास उग्र असल्याने तिला कोकमासारखाच ठसठशीत सोबती लागतो: ३० मिलि फेणी, ३० मिलि अमृत कोकम, बर्फ आणि १५० मिलि सोडा. वाइन आवडणाऱ्यांनी नाशिककडची कोरडी पांढरी वाइन चांगली गार करून तिचे १०० मिलि, स्ट्रॉबेरीचे सिरप २० मिलि आणि सोडा ६० मिलि असे मिश्रण करावे. संत्र्याच्या सिरपला जिन मानवते. व्होडकाने त्यात मद्य वाढते, चव वाढत नाही. मद्य नेहमी मोजून, सिरपबरोबर तळाशीच घालावे. ३० मिलि फेणीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि गोड, गार, फसफसत्या पेयात तो जिभेला कळत नाही. अंदाजाने ओतण्याचा धोका इथेच असतो. एकाच समारंभात दोन्ही प्रकार असतील तर सिरपच्या बाटल्या सामाईक ठेवाव्यात, पण मद्याचे पेले आकाराने वेगळे घ्यावेत, म्हणजे मुलांच्या हाती चुकीचा पेला जाणार नाही.

गाळून उरलेला चोथा टाकून देऊ नये. कैरीच्या किसात अजून पुष्कळ आंबटपणा असतो. त्यात थोडी साखर आणि वेलदोडा घालून मंद आचेवर शिजवले की साखरांब्याच्या जवळ जाणारा प्रकार होतो. स्ट्रॉबेरीच्या फोडी दह्यात कालवाव्यात. कोकमाच्या आक्रसलेल्या साली ताटात पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात आणि डब्यात भराव्यात. आमच्याकडे तो डबा जून उजाडायच्या आत रिकामा होतो.